थिनरवर आळ

अकील पेंटरला थिनरनं वेड लागलं, असं विसरवाडीत अजूनही कोणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. थिनरनं नाही हो, गांजानं. पण थिनरला दोष दिला की कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, म्हणून सगळ्यांना तेच सोयीचं.

अकीलचं दुकान माझ्या घरासमोर, हायवेला लागून. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर तो मोर, कमळ, मालकाचं नाव रंगवायचा आणि खाली ठरलेलं ‘फिर मिलेंगे’. सुरतेकडचे ड्रायव्हर गाडी रंगवून घ्यायला त्याच्याकडेच थांबायचे. पण या कामात रिकामा वेळ फार. रंगाचा एक हात मारला की तो वाळेपर्यंत बसून राहायचं. शेजारी हेमकांतचा ट्रक धुण्याचा रॅम्प. तिथं ड्रायव्हरांची चिलीम फिरायची. अकील आधी नुसता गप्पांना बसायचा. मग एक झुरका. मग रंगाच्या प्रत्येक हातामागे एक चिलीम, रोज, वर्षानुवर्षं.

त्याची बायको रजिया माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं हेमकांतला हटकलं, तर तो हसला.

“वहिनी, हाई काय दारू शे का? महादेवनी बुटी शे. जमीनमाईन निंघस.”

धोतराही जमिनीतूनच निघतो. खा म्हणावं न्याहारीला!

अकीलचं आधी वेळेचं भान सुटलं. “आलोच पाच मिनटांत” म्हणायचा आणि दुपार उलटायची. मग अक्षरं गळू लागली. नाव लिहिता लिहिता मध्येच थांबायचा, पुढचं आठवेना. मग झोप उडाली. शेवटी तो रस्त्याकडे पाठ करून बसू लागला. जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवरचं ‘फिर मिलेंगे’ ही आपल्याला दिलेली धमकी आहे, असं त्यानं रजियाला कुजबुजत सांगितलं. स्वतःच्या हातानं लिहिलेलं!

रजिया थोरल्या दिराकडे, जाहिदकडे गेली. जाहिद हार्डवेअरचा व्यापारी, घरात शब्द त्याचा. त्यानं ऐकून निकाल दिला, “थिनर डोकामा चढनं शे. आधी तो धंदा बंद.” रंगाच्या धंद्यात थिनर डोक्यात जातं हे सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे कुणी दुसरं काही विचारलंच नाही. ब्रश, डबे जाहिदनं आपल्या गोदामात कोंडले. आणि माणसांत राहिला तर बरा होईल म्हणून अकीलला दिवसभर बसवलं कुठं? हेमकांतच्या रॅम्पवर! दुकानात असताना दिवसाचे काही तास तरी त्याच्या हातात ब्रश होता. आता नुसती चिलीम उरली.

“जाहिदभाई, अक्कल गहाण टाकलीत का?” मी म्हटलं.

“बाई, घरनी गोष्ट शे. तुम्ही पडू नका.”

मग व्हायचं तेच झालं. भर दुपारी अकील रॅम्पवर डांबर पुसायला ठेवलेल्या थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन धावत्या ट्रकसमोर उभा राहिला. ट्रक थांबवून त्याला मागचे ते शब्द पुसायचे होते. ड्रायव्हरनं जिवाच्या आकांतानं ब्रेक मारला, म्हणून वाचला. फडकं सापडलं म्हणताच जाहिदला पुरावाच मिळाला. “आता दर्ग्यावर नेऊन बांधून ठेवतो,” म्हणाला. रजियानं ऐकलं नाही. जीप केली, मला सोबत घेतलं आणि अकीलला नंदुरबारला डॉक्टरांकडे नेलं. जाहिद मागून मोटारसायकलनं आला, कुरकुरत.

डॉक्टर तरुण होते, पण बोलणं सरळ. म्हणाले, “मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप पाठवत असतात. निरोपांचा गोंगाट झाला की ‘बास’ म्हणणारं रसायन आपला मेंदू स्वतःच बनवतो, हवं तिथं, हवं तेवढंच. गांजातलं द्रव्य त्याच रसायनाच्या जागा अडवतं, पण सगळीकडे एकदम. म्हणून वेळेचा अंदाज जातो, आठवण सुटते. काहींना तर साध्या गोष्टीतही आपल्यासाठी इशारा दिसू लागतो. सगळ्यांना होत नाही. ज्यांच्या रक्तात आधीच असा आजार आहे, त्यांना धोका जास्त. घरात कुणाला होता?”

“कुणालाच नाही,” जाहिद लगेच म्हणाला.

“तुमच्या मामूंना होता,” रजिया म्हणाली. “मागच्या खोलीत ठेवायचे त्यांना.”

“रजिया!”

“भाईजान, लपवलंत ते बहिणींच्या लग्नांसाठी, ती झाली आता. माझा नवरा वाचवायचाय अजून.”

जाहिदच्या मनात काय चाललं होतं याची मला फिकीर नव्हती. लपवलेला आजार अकीलला आधीच कळला असता तर तो त्या चिलमीपासून दूर राहिला असता की नाही, कोण जाणे. निदान त्याला विचार करायची संधी तरी मिळाली असती.

अकीलला काही दिवस दवाखान्यातच ठेवलं, गोळ्या सुरू झाल्या. गांजा पूर्ण बंद, हे डॉक्टरांनी दरडावून सांगितलं. थिनरही अत्तर नव्हे, तेव्हा उघड्यावर, तोंड बांधून काम करा, पण काम करा, असंही म्हणाले. रजिया स्वतः गोदामात जाऊन डबे घेऊन आली. जाहिदनं किल्ली दिली.

पहिला ट्रक लागला त्या दिवशी अकीलनं एक हात मारला आणि वाळायची वाट बघत बसला. गोळ्यांनी बोटं थरथरत होती. तेवढ्यात हेमकांत आला, खिशावर हात ठेवून.

“काय पेंटर, वयख ऱ्हायनी का? ये, बस जराखं. तुन्ही बोटं लगेच सरळ होतीन.”

रजिया उठली. अकीलनं हातानंच तिला थांबवलं.

“मी दवाखान्यात होतो,” तो हळू, शब्द शोधत म्हणाला. “तू आला नाहीस. ट्रकसमोर गेलो तेव्हा तुझ्याच रॅम्पवरून उठून गेलो. तू बघत होतास. मला धरलं नाहीस.”

“मले काय माहीत तू...”

“जाय तू. परत येऊ नको.”

हेमकांत काहीतरी पुटपुटत गेला. रॅम्पवर त्याचं दुकान आजही जोरात चालू आहे, आणि त्यानंतर गावात कुणी त्याला चार शब्द सुनावलेले नाहीत. मीच सुनावते, रोज.

अकीलनं ब्रश उचलला. मालकाचं नाव रंगवताना अर्ध्यावर थांबला.

“रजिया, पुढं काय होतं?”

तिनं पुढचं अक्षर सांगितलं. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं.