चांदणी न लावलेला नाताळ

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी आमच्या वस्तीत घरोघर चांदण्या लागतात. पत्र्याशेजारी बांबू उभा करायचा, त्याला कागदाची नाहीतर प्लॅस्टिकची चांदणी टांगायची आणि आत बल्ब सोडायचा. संगमनेरच्या रस्त्यावरून एसटीने जाणाऱ्यालाही कळतं, इथे ख्रिस्ती लोक राहतात. यंदा आमच्या दारावर चांदणी नव्हती. लेकीने अक्षरशः हात जोडले होते. "आई, या वर्षी नको. माझी नोकरी जाईल."

पाच वर्षं अभ्यासिकेत बसून तिने डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला, तेव्हा कुठे सरकारी कचेरीत लिपिक म्हणून निवड झाली. निवड राखीव जागेवर. नेमणूक पक्की व्हायची तर जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायला हवी, आणि त्यासाठी घरी चौकशी येणार होती. दाखल्यावर आमची जुनी जात आहे आणि तिच्या आधी 'हिंदू' लिहिलेलं आहे. आम्ही तर तीन पिढ्यांचे कॅथोलिक.

बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण आमच्या वस्तीत प्रत्येकाला दोन नावं असतात. एक बाप्तिस्म्याचं, चर्चच्या वहीतलं. दुसरं शाळेचं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी धर्म विचारला नाही आणि आम्ही सांगितला नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ख्रिस्ती झालं की सवलत जाते, जात मात्र जात नाही. भाड्याने खोली मागायला गेलं, पंगतीत बसलं, की ती आपल्या आधी तिथे जाऊन बसलेली असते. लबाडी ती लबाडीच, हे मलाही कळतं. पण ज्यांना आयुष्यात कधी दाखल्यासाठी रांगेत उभं राहावं लागलं नाही, त्यांनी मला प्रामाणिकपणाचे धडे देऊ नयेत.

तर त्या पहिल्या रविवारी फादरांनी प्रवचनात सांगितलं, जागे राहा, तो कोणत्या घटकेला येईल ते कुणाला ठाऊक नाही. सगळी मंडळी प्रभूची वाट बघत होती आणि मी चौकशीच्या साहेबाची. गल्लीत मोटारसायकल वाजली की मी दाराच्या फटीतून बघायची. लेकीने तर चर्चला यायचंच बंद केलं होतं. कुणी फोटो काढला, कुणी तो मोबाईलवर टाकला, म्हणजे संपलं, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर भिंतीवरून उतरवली. माझ्या लग्नात सासूबाईंनी लावलेली. ती जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, तो झाकायला लेकीने गणपतीचं कॅलेंडर आणलं. त्या बिचाऱ्या गणपतीचा काय दोष? आला तसा पाहुण्यासारखा बसून राहिला. मीच त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

शेजारच्या शेतकरी घरातल्या मामींना आधीच सांगून ठेवावं, म्हणून त्यांच्याकडे गेले. त्या अंगणात लावणीसाठी कांद्याचं रोप निवडत बसल्या होत्या. कुणी विचारायला आलं तर काय सांगायचं, हे मी रोपाकडे बघतच सांगितलं.

"म्हंजी तुमी घट बसिवता असं सांगू व्हय?" त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या थांबल्या. "सांगीन. पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय. पन तुमाला चालंल का, बाई?"

मी 'चालेल' म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

साहेब तिसऱ्या आठवड्यात आला, भर दुपारी. पन्नाशीचा माणूस, अंगात हाताने विणलेला स्वेटर, बोलायला मवाळ. उद्धट असता तर मला सोपं गेलं असतं. खुर्चीवर बसून त्याने फाईल उघडली आणि कुलदैवत कोणतं, लग्न कसं लावता, बारसं कसं करता, असं एकेक विचारत गेला. लेकीने पढवलेली उत्तरं मी अंगणवाडीतल्या पोरासारखी म्हणून दाखवली. मग त्याने सहज विचारलं, "तुमचे मालक वारले तेव्हा काय केलं? अग्नी दिला की पुरलं?"

हा प्रश्न आम्ही धरलाच नव्हता.

माझा नवरा चर्चच्या मागे मातीत आहे. डोक्याशी सिमेंटचा क्रूस आहे, तो मी स्वतः उभी राहून करून घेतला. दर महिन्याला मी तिथलं गवत काढते.

"नदीवर नेलं," मी म्हणाले. "अग्नी दिला."

"चर्चला जाता का कधी?"

"न्हाई."

तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. साहेबाने कप घेतला, मीही घेतला. आणि माझा उजवा हात आपोआप कपाळाला गेला. काही तोंडात घालायच्या आधी क्रूसाची खूण करायची, ही लहानपणापासूनची सवय. त्यासोबतच्या प्रार्थनेतलं 'पित्याच्या' एवढं ओठांवर आलंसुद्धा. लेक किटली धरून जागच्या जागी थिजली. मी तो हात तसाच वर नेऊन पदर सारखा केला. साहेबाने बघितलं की नाही, देव जाणे. त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. जाताना म्हणाला, "चहा चांगला होता, मावशी. थंडी फार पडलीय यंदा."

त्याने काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही. हे लिहितेय तेव्हा जानेवारी अर्धा सरलाय आणि पडताळणीचा निकाल यायचाच आहे.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी फादर पापनिवेदनासाठी आमच्या गावी आले. चर्चच्या मागे लिंबाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते बसतात, आणि लोक हाकेच्या अंतरावर रांग धरतात. तिथून माझ्या नवऱ्याचा क्रूस दिसत होता. मी गुडघे टेकले आणि एका दमात सांगून टाकलं. येशूला नाकारलं, नवऱ्यालाही नाकारलं, मेलेल्या माणसाला खोटाच अग्नी दिला.

फादर वयाने माझ्या लेकीएवढे. शांतपणे ऐकून घेतलं. "पुन्हा असं करणार नाही, असा निश्चय करता ना?"

"साहेब पुन्हा आला तर, फादर?"

"तर खरं सांगायचं."

मी मनात शोधून बघितलं. तसा निश्चय कुठेच सापडेना. "मग न्हाई जमायचं," मी म्हणाले. "पुन्हा इचारलं तर पुन्हा ह्येच सांगंन."

त्यांनी रांगेकडे एकदा बघितलं. मागे कुणीतरी खोकलं. "मावशी, निश्चयच नसेल तर मी पापक्षमा कशी देऊ?"

"तुमाला लेक न्हाई, फादर," मी बोलून गेले. बोलले आणि लगेच लाज वाटली.

"नाही, हे खरंय," ते म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पापक्षमा दिली नाही. पुढचे दिवस मी भांडी आपटत काढले. राग फादरांचा होता, साहेबाचा होता की माझा स्वतःचा, ते मला वेगळं काढता येईना. पापक्षमा नाही तर कम्युनियन, म्हणजे फादर हातावर ठेवतात ती ख्रिस्तशरीराची पवित्र भाकर, घेता येत नाही. आमच्याकडे आठ वर्षांच्या पोरालाही हे पाठ असतं. लेकीला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आमच्याकडे चोवीस तारखेच्या संध्याकाळीच होते, कारण फादरांना त्याच रात्री आणखी दोन गावं करायची असतात. लेक म्हणाली, चौकशी तर झाली, आता मी येते. स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळून आली. बायकांच्या बाजूला सतरंजीवर आम्ही दोघी बसलो. बायबलमधलं शुभवर्तमान वाचलं जात होतं. राजाचा हुकूम सुटला, सगळ्यांनी आपापल्या गावी जाऊन नाव लावायचं, म्हणून योसेफ गरोदर मरियेला घेऊन निघाला. आजवर मी ते कौतुकाने ऐकायची. यंदा वाटलं, त्यांनासुद्धा सरकारने कागदासाठीच हिंडवलं. पण योसेफाने आपलं खरं कूळ सांगितलं, आणि ते सांगून त्याचं काही जाणार नव्हतं. असले विचार चर्चमध्ये यावेत याची मला भीती वाटली.

कम्युनियनची घंटा झाली. पुढच्या बायका उठल्या. लेकही उठली.

"चल आई."

"तू जा."

"का? येताना काही खाल्लंस का?" कम्युनियनच्या आधी तासभर उपास धरावा लागतो, म्हणून तिने विचारलं. हो म्हणाले असते तर भागलं असतं. पण माझी मान नुसतीच हलली, ना धड हो, ना धड नाही.

ती वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने हळू विचारलं, "माझ्यामुळं?"

"न्हाई गं," मी म्हणाले.

हे 'न्हाई' साहेबाला सांगितलं होतं अगदी तसंच निघालं, त्याच सुरात. मला ऐकू आलं आणि तिलाही आलं. ती खाली बसली.

"उठ, जा. तुला काय झालंय?" मी तिच्या दंडाला चिमटा काढला.

"तू माझ्यासाठी खोटं बोललीस," ती म्हणाली. "मग मी कशी जाऊ?"

तिला एक थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि जवळ घ्यावं असंही वाटलं. मी जे काही केलं ते हिची वाट मोकळी व्हावी म्हणून. आणि ही माझ्याच शेजारी मांडी घालून बसली होती. पुढे फादर एकेकीच्या हातावर ख्रिस्तशरीर ठेवत होते, आणि मागच्या बायका आमच्या गुडघ्यांना वळसा घालून जात होत्या.