पहिला नंबर आक्काबाईंचा

काष्टीत गहिनीनाथ तात्या आमचे शेजारी. त्यांची उभी हयात साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांना नंबर देण्यात गेली. कुणी गोड बोलो, कुणी अंगावर येवो, तात्यांच्या रांगेत मधे घुसायची सोय नव्हती. रांग फार लांबली की ते एकच शब्द फेकायचे, "उद्या!" तात्या निवृत्त झाले, पण तो शब्द काही झाला नाही. घरात बायकोनं काहीही मागितलं तरी तेच उत्तर.

बायको आक्काबाई. गुडघ्यांनी दगा दिला आणि घरभर फिरणारी बाई खाटेला खिळली. लेक ज्ञानेश्वरी सावेडीला असते. आईचा वेळ जावा म्हणून तिनं तळहाताएवढं लाल प्लास्टिकचं गेमचं मशीन आणून दिलं. आत चारशे खेळ, असं खोक्यावर छापलेलं. त्यातले निम्मे तेच ते, नावं तेवढी वेगळी. आक्काबाईंना रणगाड्यांच्या खेळाचा नाद लागला. खाली आपण उभं राहायचं, वरून शत्रूचे रणगाडे येतात, ते फोडायचे. बाई दात खाऊन बटणं दाबायच्या.

मशीनला वायरनं जोडायचा एक छोटा रिमोटही होता, दुसऱ्या गड्यासाठी. आक्काबाई तो तात्यांपुढे धरायच्या. "या की वो, एक डाव. एकटीच्यानं निभत न्हाई."

"उद्या खेळू," पेपरातून मान वर न काढता तात्या म्हणायचे. मला राग यायचा. पेपराला काय एवढं सोनं लागलं होतं?

यंदाच्या उन्हाळ्यात आक्काबाई दुपारच्या झोपेतच गेल्या. तात्या रडले नाहीत. लेकीनं गळ्यात पडून हंबरडा फोडला, तेव्हाही भिंतीकडे बघत नुसते उभे राहिले. आमच्या घरून डबा जायचा. एकदा भाजीत मीठ घालायचं राहिलं, तरी त्यांनी मुकाट्यानं खाल्ली. बायाबापड्या कुजबुजल्या, "दगड हाय माणूस." मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण एकही खाली येईना. मयताची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. ज्ञानेश्वरीनं हात जोडले, "आई, तात्यांना मी सावेडीला नेते." कावळे हलले नाहीत. आक्काबाईंचा भाऊ वैजनाथ पुढं झाला, "आक्का, पोरीचं माहेर तुटू देनार न्हाई." तरी नाही. ऊन चढलं. मग सगळे तात्यांकडे बघू लागले.

तात्या पिंडापाशी गेले. "खेळतो तुज्यासंगं," एवढंच म्हणाले. कुणाला काही कळलं नाही, मला कळलं. एक कावळा उडाला, वाटलं आला. तो पलीकडच्या काठाला गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी पांगली.

वाटेत तात्या मला म्हणाले, "तिचं चुकलं न्हाई. माज्या शब्दावर तिनं कसा इस्वास ठेवायचा?" बोलताना चेहरा कोराच होता.

लेकीबरोबर ते गेले नाहीत. एका दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर तात्या खाटेला खुर्ची चिकटवून बसलेले. मशीन आक्काबाईंच्या उशीला टेकवलेलं, वायर ताणलेली, हातात छोटा रिमोट.

"अहो तात्या, मोठं मशीन घ्या की हातात. एकट्याचाही खेळ आहे त्यात."

"पयला नंबर तिचा हाय," ते म्हणाले. "मी मधी घुसत न्हाई."

पडद्यावर दोन रणगाडे होते. पिवळा आक्काबाईंचा, जागचा हलत नव्हता. हिरवा तात्यांचा, भलत्याच भिंतींवर आपटत होता. वरून शत्रू आले, त्यांनी पिवळा फोडला. तो परत उगवला, परत फुटला. त्याचे जीव संपले.

"गेली," तात्या म्हणाले, आज पाऊस नाही म्हणावं तसं. आणि डाव पहिल्यापासून लावला.

मग रोजचंच झालं. तात्या शिकत होते. शत्रूच्या मागं धावायचं सोडून पिवळ्यापुढं आडवं उभं राहायचं, आपण फुटलो तरी चालेल. परवा मी गेलो तेव्हा वरचा शेवटचा रणगाडा फुटला आणि पिवळा होता तिथं शाबूत उभा होता. गुण आले. पहिल्या गड्याचे शून्य. तात्या त्या शून्याकडे बघत राहिले.

मला बरं वाटलं. डबा उघडत मी सहज म्हणालो, "जिंकलात की! बास आता, जेवून घ्या. बाकीचं उद्या खेळा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या म्हनू नको रं तिला," ते म्हणाले.

पुढचा डाव सुरू झाला होता. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायलाही ते थांबले नाहीत. हिरवा रणगाडा वळवून त्यांनी पिवळ्याच्या पुढे आणून उभा केला.