सोसायटीच्या जुन्या कम्प्युटरचं घड्याळ

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो, पण रेवदंड्याकडच्या एका कोळीवाड्यातलं होडीचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. मी तेव्हा फौजदार होतो. शिपायापासून खात्याच्या परीक्षा देत वर आलेला.

एक विधवा कोळीण ठाण्यात आली. नवरा सहा महिन्यांपूर्वी वारला होता आणि दिराने होडी ओढून नेली होती. दिराचं म्हणणं, भावाने आठ वर्षांपूर्वीच ती माझ्या नावावर केली. होडी लहान, मच्छीमार सोसायटीच्या नोंदीवाचून दुसरा कागद नव्हता. सोसायटीची रजिस्टरं वादळात भिजून गेलेली. उरला कम्प्युटर, आणि त्यात नोंद दिराच्या बाजूची.

"होरी माज्या घोवाची हाय, साहेब," ती म्हणाली. "ती गेली तर पोरींना काय घालू?"

तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी जेट्टीवरच्या चहावाल्याने खबर दिली, की भाऊ गेल्यावर पंधरवड्यात सोसायटीचा सेक्रेटरी लॅपटॉप घेऊन दिराच्या घरी बसला होता. पंचनामा करून लॅपटॉप ताब्यात घेतला.

सोसायटीचा प्रोग्रॅम फार जुना. कम्प्युटरच्या मागे एक जाड चावी खोचलेली असली तरच तो उघडायचा, आणि ती चावी बसेल असं भोक नव्या लॅपटॉपला नाही. जुनं मशीन खाऱ्या हवेने गंजून बंद पडलं, तेव्हा, म्हणजे वर्षापूर्वी, अलिबागच्या एका दुरुस्तीवाल्याने तोड काढली होती. त्याला बोलावलं.

"लॅपटॉपच्या पोटात अख्खा जुना कम्प्युटर बसवलाय, साहेब. इम्युलेटर म्हणतात. प्रोग्रॅमला वाटतं आपण जुन्याच मशीनवर आहोत आणि मागे चावीपण आहे."

"म्हणजे तुम्ही प्रोग्रॅमला फसवलंत."

"त्याच्या भल्यासाठी," तो हसत म्हणाला.

त्याच्याकडून आठ वर्षांपूर्वीच्या नोंदी छापून घेतल्या. प्रत्येकीवर तारीख आणि वेळ होती. पाहतो तर सगळ्या नोंदी रात्री बारा ते चारच्या. फक्त होडीची नोंद सकाळी अकरा वीसची. माझं डोकं फिरलं. त्या काळी नोंदी करणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाला उचलून आणला आणि टेबलावर हात आपटला.

"रात्री दोन वाजता हापिसात काय धंदे चालायचे तुझे?"

म्हातारा घाबरला नाही. "ओरडू नका, साहेब. रात्री आठला मी झोपतो, बायकोला विचारा. त्या मशीनच्या घड्याळाचा सेल मेलेला. सोसायटी नवीन आणून देईना. सकाळी दहाला चालू केलं की ते तारीख विचारायचं, ती मी टाकायचो. मग वेळ विचारायचं. कोण टाकतो? नुसतं बटण दाबायचं. घड्याळ बारापासून चालू. दुपारी दोनला घरी जायचो, तेव्हा त्यात पहाटेचे चार."

मी खाली बसलो. त्याच्यासाठी चहा मागवला.

त्या अख्ख्या वर्षात बरोबर वेळ दाखवणारी नोंद एकच होती, आणि तीच खोटी होती. इम्युलेटरला खरी वेळ लॅपटॉप पुरवतो. नोंद घुसवणाऱ्याने तारीख मागे नेली, वेळ तशीच राहिली.

सेक्रेटरीला समोर बसवला. बाजारात मी एक शिकलोय, आधी भाव सांगेल तो हरतो. मी कागद पुढे ठेवले आणि गप्प राहिलो.

"कम्प्युटर खोटं बोलतो का, साहेब?" तो म्हणाला.

"नाही. या कागदांत तुमच्या नोंदीसारखी, सकाळी अकराला केलेली दुसरी एक नोंद दाखवा. लगेच सोडतो."

त्याने पानं उलटली. पुन्हा उलटली. तासाभराने म्हणाला, "तिच्या दिराने गळ घातली हो, सख्खा मामेभाऊ माझा."

कोर्टाच्या हुकमाने होडी विधवेला परत मिळाली. तिने ती एका तांडेलाला चालवायला दिली.

शिकलो ते एवढंच: प्रामाणिक माणसाच्या कामात चुका असतात आणि त्या रोज सारख्याच असतात. कागद फार नीटनेटका दिसला की आधी तोच तपासावा. आणि आधी ऐकून घ्यावं, टेबल नंतर बडवावं. हे मात्र मला पुरतं जमलं नाही.

तपासाचं प्रशंसापत्र जिल्ह्याच्या सायबर शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्याला मिळालं. लॅपटॉप त्याच्याकडे पोचला, तेव्हा सेक्रेटरीचा जबाब होऊन आठवडा झाला होता. मी त्या पत्राची नक्कल मागून घेतली. अजून कपाटात आहे. तारीख बरोबर, जावक क्रमांक बरोबर, शिक्का सरळ. कुठे एक खाडाखोड नाही.