शेवटच्या कडव्यातलं नाव

मी चौथी नापास. गाणी मात्र पोत्यानं केली, सगळी डोक्यात. गावाकडं तमाशाच्या फडाला रचून द्यायचो, गायचे दुसरे. माझा आवाज फुटका. पण शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं, ही आमची रीत. कागद नसला तरी नाव राहतं.

आता अमेरिकेत लेकीकडं असतो, शिकागोजवळ नेपरव्हिलला. मागच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. आयटीतली एक पोरगी माईकवर येऊन म्हणाली, "आता एक पारंपरिक लोकगीत." पहिल्याच ओळीला मी ताठ झालो. गाणं माझं! गायलीही बरी. पण शेवटचं कडवं आलंच नाही, टाळ्या पडल्या.

मला बसवेना. दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

"आबा, सीन करू नका हं, प्लीज," लेक म्हणाली.

"सीन कसला? गाणं तेवढं पुरं करायचंय."

जेवणाच्या रांगेत त्या पोरीला गाठलं. "शेवटचं कडवं कुठं टाकलंस गं?"

"काका, स्लॉट चार मिनिटांचा होता, म्हणून कट केलं. त्यात नुसतं कुणाचं तरी नाव होतं."

"ते नाव माझं."

मागून एक जण म्हणाला, "काका, मग आरतीपण तुमचीच असेल!" सगळी रांग हसली.

कान तापले माझे. हातातलं ताट ठेवलं, टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि फुटक्या आवाजात सुरू केलं. मधली दोन कडवी त्या पोरीला ठाऊकच नव्हती. रांग थांबली. शेवटच्या कडव्यात माझं नाव आलं तरी तो मागचा म्हणाला, "पण प्रूफ काय, यार?"

तेव्हा सीन करू नका म्हणणाऱ्या लेकीनंच पर्समधून माझं ग्रीन कार्ड काढलं आणि त्याच्यापुढं आपटलं. "वाच नाव."

त्यानं वाचलं. मग त्या पोरीनं माझा हात धरून मला स्टेजवर नेलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा माईकसमोर उभा राहिलो. आवाज फुटकाच, पण कडवं एकही सोडलं नाही.

आता जवळच्याच शॉमबर्ग गावच्या मंडळानं गायला बोलावलंय. सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतोय, चहा दोनदा गार झाला. स्लॉट तिथंही चार मिनिटांचाच आहे म्हणे. लेकीला फोन करायला लावला आणि कळवलं, कापायचंच असेल तर पहिलं कडवं कापा.