वीस जानेवारीच्या अलीकडे

पत्रक लिहायला मी पुण्यात शिकले, कॉलेजच्या फीवाढविरोधी आंदोलनात. शिकवणारी मुलगी कडक होती. ती म्हणायची, वर राग, मध्ये माहिती आणि शेवटी कुठे, किती वाजता, कोणत्या तारखेला. तारीख नसेल तर ते पत्रक नव्हे, सुविचार. तो फळ्यावर लिहा आणि घरी जा.

२००८च्या हिवाळ्यात मी जर्मनीत रेगेन्सबर्गला शिकत होते आणि विद्यापीठातल्या युद्धविरोधी गटासाठी पत्रकं लिहीत होते. गट म्हणजे काही जर्मन मुलं, एक थर्मास आणि मी. अधूनमधून शनिवारी आम्ही आधी रेल्वेनं, मग बसनं अमेरिकन सैन्याच्या एका तळाकडे जायचो. फाटकाशी उभं राहू देत नसत, म्हणून रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर. पत्रकात एकच गोष्ट होती: तुमचं मन युद्धाला नकार देत असेल तर तसा अर्ज करायची सोय तुमच्याच सैन्याच्या नियमांत आहे, सल्ला हवा असेल तर हा फोन नंबर. सैनिक टोळक्यानं आले तर कागद पुढे करायचा नाही. चारचौघांत कोणी घेत नाही. एकटा गाठायचा.

अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल नुकताच लागला होता. धुकं इतकं की फाटकावरचे दिवे तेवढे दिसत होते, फाटक नाही. सकाळपासून एकानंही कागद घेतला नव्हता. मी वैतागून मराठीत ओरडले, "घ्या की मेल्यांनो, फुकट आहे!"

थांब्यावरचा एक जण वळला. जीन्स, जाड जाकीट, केस मशीननं उतरवलेले. म्हणाला, "ताई, मला दे."

माझ्या हातातला गठ्ठा खाली पडला, खोटं कशाला सांगू.

दहा वर्षांचा असताना तो आईबरोबर न्यू जर्सीला गेला होता. आई किराणा दुकानात काम करते. हा ग्रीन कार्डावर सैन्यात भरती झाला, कारण कॉलेजची फी सुटते आणि नागरिकत्व लवकर मिळतं. त्याचं मराठी म्हणजे आईचं मराठी: जेवून घे, हात धू, उशीर करू नको. त्यात हुकूम नव्हता, बंदूक नव्हती. तिथे आला की तो इंग्रजीत शिरायचा.

"जानेवारीत आमची युनिट जाणार," तो म्हणाला. "इराक." मग पत्रकाकडे बघत, "मला नाही जायचं. पण आईला नको सांगू."

पुढच्या रविवारी मी त्याला दादा-वहिनींकडे नेलं. हे माझे कोणी नात्यातले नव्हेत. दादा तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि त्यांच्याकडचं रविवारचं जेवण हा माझा परदेशातला एकमेव धर्म. वहिनींना तो "काकू" म्हणाला.

"काकू? अरे, मी एवढी म्हातारी दिसते?"

"नाही काकू."

वहिनी हसल्या आणि त्याच्या ताटात आणखी दोन पोळ्या पडल्या.

त्या हिवाळ्यात कारखान्यात कुर्झआर्बाइट होतं, म्हणजे काम कमी म्हणून तास कमी, पगारही कमी. दादा घरी बसून दिवसभर लॅपटॉपवर अमेरिकेच्या बातम्या बघायचे. कोणाला कोणतं खातं मिळणार, नव्या अध्यक्षाच्या मुलींना कोणतं कुत्रं मिळणार, सगळं तोंडपाठ. भाष्यकार रोज समजावत की एका वेळी देशाला एकच अध्यक्ष असतो. मला त्यात फक्त इतकंच ऐकू यायचं की जुना सामान बांधतोय, नवा अजून कशालाच जबाबदार नाही, आणि मधल्या दिवसांत तुकड्या मात्र ठरल्याप्रमाणे निघणार.

"आता हे युद्ध संपलंच समज," दादा त्याला म्हणाले. "तो माणूस युद्धाच्या विरोधात बोलूनच निवडून आलाय. वीस जानेवारीला शपथ. मग बघ."

"आमचं फ्लाइट वीसच्या आधीच्या आठवड्यात आहे," तो म्हणाला.

दादांनी ताटातली पोळी मोडली. मग जर्मन सवयीनं म्हणाले, "आल्झो, अशा वेळी पाठवणार नाहीत रे. पुढे ढकलतील. कॉमन सेन्स आहे."

दादांची लेक बालवाडीत जायची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिनं त्याच्याकडे बघत जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. तो माझ्याकडे वळला. "काय म्हणते?"

ती विचारत होती, तू माणसं मारतोस का? मी म्हटलं, "विचारतेय, तू परत येणार का."

"येणार ना," तो तिला म्हणाला.

डिसेंबरच्या सुरुवातीला बातमी आली: संरक्षणमंत्री जुनाच राहणार. युद्ध चालवणारा माणूस त्याच खुर्चीत. मी लॅपटॉपसमोर उभी राहून म्हटलं, "झालं? पटलं?" दादा म्हणाले, "अगं, हा सातत्याचा भाग आहे. सगळे भाष्यकार म्हणतायत, शहाणपणाचा निर्णय." हे भाष्यकार! स्टुडिओत मेकअप लावून बसायचं, आणि दुसऱ्याच्या पोरानं कधी मरायला जायचं यावर शहाणपणाचा शिक्का मारायचा. दादा वाईट नव्हते. त्यांची स्वतःची नोकरी टांगणीला होती आणि कुठेतरी काहीतरी सुधारतंय हे त्यांना ऐकायचं होतं. पण त्यांच्या ऐकण्याची किंमत तो पोरगा देणार होता.

मी त्याला वहिनींच्या स्वयंपाकघरात ढकललं, पत्रकावरच्या सल्लागार बाईचा नंबर लावून दिला आणि दार ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला.

"काय म्हणाली?"

"अर्ज आत्ताच दे म्हणाली. निघायच्या आधी. नंतर दिला तर तिथे बसून वाट बघायची."

"मग दे!"

"नागरिकत्वाचं काय होईल, ते विचारलं. म्हणाली, खरं सांगू? मला माहीत नाही."

"बघ," दादा म्हणाले, "घाई कशाला? सगळी वर्षं पाण्यात जातील. थोडे दिवस कळ काढ. नवा आला की हे सगळे हुकूम रद्द."

"दादा, तुम्ही जाणार आहात का त्याच्या जागी?"

"तोंड सांभाळून बोल हं."

"नाही सांभाळणार!"

वहिनींनी मध्येच सगळ्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. तो कपाकडे बघत राहिला, मग इंग्रजीत म्हणाला, थांबून बघतो. लगेच माझी समजूत घालायला मराठीत, "ताई, रागवू नको. टीव्हीवर सगळेच म्हणतात."

सगळेच. हा शब्द मला आमच्या गटातही भेटला. जानेवारीच्या सुरुवातीसाठी आम्ही तळासमोर निदर्शनं ठरवली होती. पत्रक माझंच होतं, तारखेसकट. गटाची प्रमुख, इतिहास शिकणारी एक उंच मुलगी, बैठकीत म्हणाली, आत्ता निदर्शनं केली तर आपण रडके दिसू. नव्या माणसाला शंभर दिवस तरी द्यायला हवेत. बाकीच्यांनी टेबलावर बोटांच्या पेरांनी टकटक केली. जर्मन विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, अशी टकटक करतात. दारावर कोणीतरी आल्यासारखी.

मी म्हटलं, "माझ्या ओळखीच्या एकाकडे शंभर नाहीत."

कोणी विचारलं नाही, कोण.

नाताळात त्याला रजा मिळाली, पण तो आईकडे गेला नाही. गेलो तर परत येववणार नाही, म्हणाला. निघायच्या आधीच्या रविवारी तो जेवायला आला. दादांनी त्या दिवशी लॅपटॉप उघडला नाही. जेवण झाल्यावर वहिनींनी त्याला दारात थांबवलं आणि त्याच्या उजव्या तळहातावर चमचाभर दही घातलं. त्याला त्याचं काय करायचं ते कळेना. तो हात तसाच पुढे धरून उभा राहिला, जखम दाखवावी तसा.

"खा रे," वहिनी म्हणाल्या. "प्रवासाला निघताना देतात. आईनं नाही कधी दिलं?"

"आई बॅगेत डबा देते."

त्यानं हात चाटला. वहिनी मला म्हणाल्या, "तूही घाल थोडं." मी चमचा घेतला नाही. म्हटलं, हा प्रवास नाही, वहिनी, आणि मी असल्या निघण्याला शुभ म्हणणार नाही. त्यानं तो हात जाकिटाला पुसला आणि म्हणाला, "ताई, तुझा कागद आहे माझ्याकडे." खिशावर थापटून दाखवलं. खाली रस्त्यावर बर्फ साचलं होतं. गॅलरीतून तो वळणापर्यंत दिसला.

विमान पुढे ढकललं नाही. कशाला ढकलतील?

वीस तारखेला दादांकडे सगळे जमलो. मी का गेले? एकटीनं ऐकवलं नसतं म्हणून. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे दुपार. वॉशिंग्टनमध्ये माणसंच माणसं, थंडीत तोंडातून वाफा, डोळ्यांत पाणी. दादांच्याही डोळ्यांत होतं, आणि मी त्यांना हसले नाही. शपथ झाली, नवा माणूस भाषण करू लागला, आणि वहिनींचा फोन वाजला. त्याची आई होती, न्यू जर्सीहून. त्यानं जाण्याआधी तिला हा नंबर देऊन ठेवला होता.

वहिनी दोन वाक्यं बोलल्या आणि फोन माझ्या हातात दिला. "तुझ्याशीच बोलायचंय."

"तू ती ताई ना?" आवाज दमलेला, पण खूश. "तो म्हणाला, यातलं सगळं तुला कळतं. आता नवे आले ना गं? मग आमच्याला कधी सोडतील?"

दादा माझ्याकडे बघत होते. काहीतरी बरं सांग, असं त्यांचं तोंड न बोलता म्हणत होतं.

"मावशी," मी म्हटलं, "तारीख कोणी दिलेली नाही."

तिच्या घरात टीव्ही चालू होता. टाळ्यांचा कडकडाट आधी फोनमधून आला. आमच्या लॅपटॉपवर चित्र काही सेकंद मागे होतं, तिथे तो माणूस अजून ते वाक्य बोलतच होता.