धक्का वीतभर उचला

मिरज-पुणे मार्गावरच्या आमच्या स्टेशनातला मालधक्का मीटरगेजच्या काळातला. काळ्या दगडाचा लांबलचक ओटा, वर पत्रे, भिंतींना हळदीचा आणि गुळाचा वास. पुढं ब्रॉडगेज आली, मालगाडीच्या वाघिणी उंच झाल्या, इमारत होती तेवढीच राहिली. ओटा वाघिणीच्या दारापेक्षा वीतभर खाली. मधे फळी टाकायची आणि पाठीवर पोतं घेऊन ती चढायची. माझ्या आबांची सगळी हमाली त्या फळीवरून झाली.

नव्वदीच्या सुरुवातीला मी विश्रामबागला कॉलेजात जायचे. आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं फार. हमालांच्या संघटनेची उरलेली पत्रकं आई डब्यांच्या तळाला घालायची. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. एका पावसाळ्यात आबांचे जोडीदार चाचा, धक्क्यावरचे सगळ्यात जुने हमाल, ओल्या फळीवरून पोत्यासकट खाली आले. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये असतानाच मी पत्रक लिहिलं आणि त्यांच्या खाटेशी बसून वाचून दाखवलं.

"ह्यात क्रांती लय हाय, पोरी," चाचा म्हणाले. "पर फळी कुठं हाय?"

मी फळी घातली. क्रांती काढली नाही.

मागणी एकच होती. धक्का वीतभर उचला. तोवर ओल्या फळीवर कुणी चढणार नाही. स्टेशनातले साहेब हसले. "एवढ्याशा उंचीसाठी काम बंद?"

"आवं साहेब, एवढीशीच हाय तर उचला की," आबा म्हणाले.

पावसात वाघिणी रिकाम्या उभ्या राहू लागल्या, व्यापारी कावले, आणि दिवाळीनंतर गवंडी आले. जुन्या दगडावर नव्या दगडाचा थर चढला.

पहिल्या दिवशी चाचा लंगडत नुसते बघायला आले. आबा पोतं घेऊन निघाले, आणि दाराशी त्यांचा पाय सवयीनं वर गेला, नसलेल्या फळीवर. मागच्याचंही तेच.

"सपाट हाय रं गड्या, लग्नातल्या घोड्यागत काय नाचताय?" चाचा म्हणाले. सगळा धक्का हसला.

नव्वदी सरायच्या आत माल ट्रकवर गेला, शेडला कुलूप लागलं. उगाच भांडलात, असं लोक म्हणाले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. वाघिणी येत होत्या तोवर तिथं पुन्हा कुणी पडलं नाही.

नंतर एकदा आबांना घेऊन तिकडं गेले. रुळांत गवत होतं, पण काळ्या दगडावरचा तो फिकट थर लांबूनही ओळखू आला. आबा ओट्यावरून सावकाश चालत गेले. वाघिणीचं दार यायचं त्या जागेशी त्यांचा पाय जरासा उचलला गेला.