ह्यात तोंड कुटं दिसतंय?

पुण्याहून निघताना मोठा फोन मी मुद्दाम कपाटात ठेवला आणि जुना बटणांचा खिशात टाकला. प्रवासात माणसं भेटावीत, पडदे नकोत, हा माझा हट्ट. "हरवलात तर कबुतर पाठवा," बायको म्हणाली.

गाडीत सगळ्यांच्या माना खाली. केम स्टेशन मागे पडलं, दोन्ही बाजूंना कणसाला आलेली ज्वारी डुलत होती, पण एकाही पठ्ठ्यानं खिडकीबाहेर पाहिलं नाही. मनातल्या मनात साऱ्या डब्याला नापास करून मी सोलापूरला उतरलो.

आधी पोटोबा. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर दही. चटणीनं डोळ्यांत पाणी आणलं, तरी दुसऱ्यांदा मागून घेतली. मग टॉवेल घ्यायला पूर्व भागातल्या एका कारखान्यात गेलो. या भागात विणकरांची वस्ती, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी.

आत यंत्रमागांचा खडखडाट असा, की मला माझा खोकला ऐकू येईना. पण लोक खुशाल गप्पा मारत होते! इकडे कुणी नुसते ओठ हलवून हात फिरवला, की पार पलीकडच्या टोकाची बाई पदर तोंडाला लावून हसायची. मी बघतच राहिलो.

नरसय्या नावाच्या साठीतल्या विणकरानं मागाच्या चौकटीला सुतानं फोन बांधला होता. 'इथंही आहेच का हे!' असं मी मनात म्हणतोय तोच शेजारच्या मागावरची राजम्मा माझ्या कानाशी ओरडली, "ह्या आवाजानं कान गेले त्यांचे. लेक भिवंडीला हाय. हितंच वाढलेली, ओठांनी बोलते. पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला यायची होती, पण आजच दवाखान्यात नेलंय. तिची आई गेलीया तिकडं. हे फोनची वाट बघायलेत."

मी कौतुकानं टॉवेलचं कापड बघायला वाकलो आणि माझ्या पिशवीचा पट्टा त्या फोनला अडकला. सूत तुटलं. फोन फरशीवर आपटला आणि काळा ठिक्कर पडला.

नरसय्यांचा चेहरा बघवेना. मी घाईघाईनं माझा फोन पुढे केला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि हताशपणे म्हणाले, "ह्यात तोंड कुटं दिसतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजम्मानं मात्र स्वतःचा फोन काढून नरसय्यांच्या जावयाला निरोप धाडला, तो फोन त्याच चौकटीला बांधला, आणि हात हवेत फिरवून सगळ्यांना खूण केली. ती खूण रांगेरांगेनं पार दारापर्यंत गेली. मला कुणी एका शब्दानंही बोललं नाही. नरसय्या तुटलेले धागे जोडत होते, पण डोळे फोनवर. मी टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसून देवाचा धावा करत होतो.

बऱ्याच वेळानं पडदा उजळला. त्याबरोबर एकेक करत सगळे माग थांबले.

पायाखालची थरथर थांबली तसं नरसय्यांनी मागे वळून पाहिलं आणि ते वैतागले, "माग का थांबवलं रे? मला काय ऐकू येणार हाय?"

सगळे एकमेकांकडे बघून ओशाळं हसले. खरंच की! पण माग कुणीच सुरू केला नाही.

पडद्यावर दमलेली लेक होती. तिचे ओठ सावकाश हलले. "नान्ना (बाबा), मनवरालु (नात)." मग दुपट्यातलं एक चिमुकलं तोंड पुढे आलं आणि त्या बाळानं असा टाहो फोडला, की तो कारखानाभर घुमला. तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. एका नरसय्यांनाच ऐकू आला नाही.

ते त्या उघड्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. मग एकदम आमच्याकडे वळून ओरडले, "रडतंय की! लई जोरात रडतंय!"

माझ्याही डोळ्यांना धार लागली. या खेपेला चटणीचा काही दोष नव्हता.

फोन दुरुस्त करून देतो म्हणून मी मागे लागलो, तर नरसय्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. "काच बसवता येतीया की. तुमी आदी तोंड गोड करा."

परतीच्या गाडीत पुन्हा सगळ्यांच्या माना खाली होत्या. समोरची बाई पडद्याकडे बघून हसत होती. त्या पडद्यापलीकडे कोण असेल, असं पहिल्यांदाच मनात आलं. शेजाऱ्याचा फोन मागून मी घरी लावला. तेवढ्यात गाडी पुलावर धडधडली आणि काही म्हणजे काही ऐकू येईना. पण पडद्यावर बायकोचं तोंड दिसत होतं. मी तिच्या ओठांकडे नीट पाहिलं.

"जेवलात का?" ती विचारत होती.